कॅप लॅम्पच्या उजेडात

नागभीडला कोळशाची खाण नाही. इथे धान आहे, बोड्या म्हणजे छोटी तळी आहेत, घोडाझरीचा तलाव आहे, जंगल आहे आणि रेल्वेचं जंक्शन आहे. गोंदियाहून येणारी गाडी इथून सिंदेवाही, मूल, केळझर करत चांदा फोर्टला आणि पुढे बल्लारशाला जाते. धानकापणी आटोपली की या गाडीत तरुण पोरांची गर्दी होते. त्यातले काही जण खाणीवर जातात. कुणी भूमिगत खाणीत, कुणी उघड्या खाणीत डंपरवर, आणि अलीकडे बरेचसे कंत्राटदाराच्या हाताखाली. खाणकामगाराला संगणकावर धोका ओळखायला शिकवणं, हा या पुस्तिकेचा विषय आहे. त्याची प्रस्तावना मी खाण नसलेल्या गावात बसून लिहितो आहे, कारण धोका ओळखायला मी इथेच शिकलो, आणि शिकवणारी माझी काकू होती.

मार्च-एप्रिलात मोहाची फुलं पडू लागली की आमच्याकडच्या बाया भल्या पहाटे टोपल्या घेऊन निघतात. ब्रह्मपुरी वनविभागाचं हे जंगल वाघाचं आहे. मोहफुलं, तेंदूपत्ता, सरपण यांसाठी गेलेलं माणूस परत आलं नाही, अशी बातमी इथे दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावातून येते. खाली वाकून फुलं वेचणारं माणूस मागून पाहणाऱ्या वाघाला माणूस वाटत नाही, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात. मी लहान असताना काकूसोबत जाई. झाडाखाली पोचलं तरी ती लगेच वाकत नसे. टोपली काखेत धरून उभी राही. आधी पाठीमागचं झुडूप बघायची, मग नाल्याची कड, मग वर नजर टाकून वानरं कुठल्या फांदीवर आहेत आणि कुठे बघताहेत ते बघायची. मला जंगल दिसायचं. तिला त्यात दबलेलं गवत दिसायचं, अचानक गप्प झालेले पक्षी कळायचे. ‘सांभाळून राहा’ असं तिने मला कधी सांगितल्याचं आठवत नाही. ती विचारायची, ‘‘का दिसून राह्यलं?’’ आणि मी उत्तर देईपर्यंत थांबायची. मी चुकलो की बोटाने दाखवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न.

पुढे मी खाणीत नोकरी केली आणि शेवटची काही वर्षं प्रशिक्षकाचं काम केलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही वर्गात काकूच्या अगदी उलट करतो. आम्ही सांगतो, विचारत नाही. 1966 च्या माइन्स व्होकेशनल ट्रेनिंग नियमांनी नव्या कामगाराला कामावर जाण्याआधी प्रशिक्षण बंधनकारक केलं, आणि ठरावीक काळाने उजळणीही ठेवली. या प्रशिक्षणाला आणि ते जिथे होतं त्या केंद्राला कामगार ‘व्हीटीसी’ म्हणतात. नियम चांगला आहे आणि त्यामागे पुष्कळ जीव गेलेले आहेत. पण वर्गात घडतं ते असं: रात्रपाळी करून आलेला माणूस बाकावर बसतो, समोर भिंतीवर घोषवाक्यं असतात, प्रशिक्षक नियम वाचून दाखवतो, शेवटी सह्या होतात. माझ्या वर्गातल्या एका पोराने लेखी परीक्षेत सगळी उत्तरं बरोबर लिहिली होती. ‘असुरक्षित छताखाली उभं राहू नये’ हे वाक्य त्याने वळणदार अक्षरात लिहिलं होतं. तीनेक महिन्यांनी सरदाराने, म्हणजे पाळीत सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या माणसाने, त्याला दंड धरून मागे ओढलं, कारण तो एका स्लिपच्या बरोबर खाली उभा राहून डबा उघडत होता. नियम त्याला पाठ होता. वर बघितलंही होतं त्याने. त्याला स्लिप दिसलीच नाही. त्या दिवसापासून ‘निष्काळजी कामगार’ हा शब्द मी तपासल्याशिवाय वापरत नाही.

स्लिप दिसणं सोपं नाही, हे बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून थोडं सविस्तर लिहितो. वर्धा खोऱ्यातला कोळशाचा थर जाड आहे. भूमिगत खाणीत तो सगळा एका वेळी काढता येत नाही, म्हणून अनेक ठिकाणी वरचा काही कोळसा छत म्हणून ठेवतात आणि खालचा काढतात. म्हणजे छत काळं, बाजूच्या भिंती काळ्या, पायाखालची जमीनही काळी. उजेड काय तो टोपीवरच्या दिव्याचा, आणि तोही मान वळेल तिकडे जाणारा एक गोल. त्या गोलाबाहेर जे आहे ते नसल्यासारखंच. स्लिप म्हणजे खडकात आधीपासून असलेली फट. तिच्या दोन्ही बाजू कधीकाळी एकमेकींवर घासून गुळगुळीत झालेल्या असतात. दिवा सरळ मारला तर ती दिसत नाही. तिरपा मारला तर पाटीवर ओलं बोट फिरवल्यासारखी एक चमक दिसते आणि मान हलली की नाहीशी होते. अशा दोन फटी वरच्या बाजूला एकमेकींना भिडत असतील तर त्यांच्यामधला दगड खाली रुंद आणि वर निमुळता होतो. त्याला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. तो पडताना आवाजसुद्धा आधी देत नाही.

बाकीच्या खुणा याहून बोलक्या असतात. लाकडी टेकूवर भार आला की त्याचे तंतू फुटू लागतात. रूफ बोल्टखालची लोखंडी पट्टी वाकते. साइडचा कोळसा खपल्या टाकू लागतो. काल कोरडं होतं तिथे आज थेंब पडतो. आणि छताची परीक्षा ठोकून करायची असते: एका हाताने सब्बल मारायची, दुसऱ्या हाताची बोटं छताला टेकवायची. घट्ट छत खणखणीत वाजतं. सुटलेलं छत पोकळ, ढब्ब वाजतं आणि बोटांना थरथर जाणवते. माझे एक मामा जुने सरदार. ते म्हणत, ‘‘छत बोलते बाप्पा, आयकाले कान पाह्यजे.’’ हे कान आणि ही नजर त्यांना यायला किती वर्षं लागली असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी वर्षं मोजली नाहीत. सोबतची जी माणसं गेली त्यांची नावं घेतली.

हे शिकणं इतकं महाग का असावं, हाच या सगळ्या खटाटोपामागचा प्रश्न आहे.

चंद्रपूरचा कोळसा जुना, आणि ही किंमतही तितकीच जुनी. वरोऱ्याची खाण एकोणिसाव्या शतकात सुरू झाली, विसाव्या शतकाच्या आरंभी संपली, आणि मग बल्लारपूर, घुग्घूस, माजरी अशी नावं पुढे आली. 1973 मध्ये या खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं. पुढे कोल इंडियाखाली वेकोलि, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स, आली. आज दुर्गापूर, पद्मापूर, सास्तीसारख्या उघड्या खाणींतून कोळसा निघतो आणि भूमिगत खाणी कमी होत चालल्या आहेत. मोठ्या दुर्घटना इतिहासात नोंदल्या गेल्या. 1954 मध्ये पेंच खोऱ्यातल्या न्यूटन चिखलीत पाणी शिरून 63 माणसं गेली. 18 नोव्हेंबर 1975 ला नागपूरजवळच्या सिलेवाड्यात पाण्यानेच 10 जण गेले, आणि त्यानंतर सहा आठवडे व्हायच्या आत, 27 डिसेंबरला, धनबादजवळच्या चासनाल्यात 375. या आकड्यांनी कायदे बदलले. पण खाणीत माणसं बहुतेक वेळा एकेकटी मरतात. छताचा एक तुकडा, मागे येणारा एक डंपर, चालू पट्ट्यात सापडलेली एक बाही. अशी बातमी स्थानिक पानावर चार ओळींत येते आणि तिच्यावर कुणी आयोग बसवत नाही. या पुस्तिकेतले धडे त्या चार ओळींच्या अपघातांसाठी आहेत.

उघड्या खाणीत ऊन असतं, म्हणून तिथे सगळं दिसतं असा गैरसमज आहे. शंभर टनी डंपरच्या केबिनमध्ये बसून बघा. समोरच्या उजव्या बाजूला, अगदी जवळ उभी असलेली जीप चालकाला दिसत नाही. माणूस तर नाहीच नाही. पावसाळ्यात हॉल रोडचा, म्हणजे डंपरच्या वाटेचा, काठ वरून जसाच्या तसा दिसतो आणि आतून खचलेला असतो. ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढून रचलेल्या मातीदगडाच्या ढिगाऱ्यावर आधी केसाएवढी भेग पडते. गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाचं खोदकाम सुरू झाल्यापासून तर हा विषय आणखी जवळ आला आहे. तिथे यंत्रांवर, रस्त्यांवर काम करणाऱ्यांत आजूबाजूच्या गावांतली पोरं आहेत. जंगलातला धोका त्यांना माझ्या काकूइतकाच कळतो. डंपरच्या मागच्या बाजूचा आंधळा पट्टा त्यांच्या घराण्यात कुणी पाहिलेला नाही.

नजर शिकवता येते का, यावर जगात बरंच काम झालं आहे. ब्लिग्नॉट नावाच्या संशोधकाने दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींतल्या कामगारांवर प्रयोग केले आणि 1979 मध्ये ते प्रसिद्ध केले. सुटा, पडायला आलेला खडक ओळखण्यात डोळ्यांनी शोध कसा घ्यायचा, याला मोठा वाटा असतो, असं त्यातून दिसलं. म्हणजे हा प्रश्न केवळ स्वभावाचा किंवा हिमतीचा नाही. अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्सने छताच्या फोटोंच्या त्रिमितीय स्लाइड्स तयार केल्या. 1996 मध्ये ते खातं बंद झालं आणि त्याचं खाणसुरक्षेचं संशोधन ‘नायोश’ या संस्थेकडे गेलं. तिथल्या संशोधकांनी एक साधी गोष्ट पुढे मांडली: धोका शिकवायचा तर स्वच्छ, उजेडातला, मधोमध घेतलेला फोटो दाखवून उपयोग नाही. खाणीत धोका तसा भेटत नाही. तो अर्धवट झाकलेला असतो, कोपऱ्यात असतो, धुळीत असतो. म्हणून चित्रंही तशीच अर्धवट दाखवा, आणि शिकणाऱ्याला अर्ध्यावरून पूर्ण ओळखायला लावा. युद्धात झाडांच्या आड लपवलेल्या तोफा ओळखायला सैनिकांना शिकवत, त्याच जातीची ही युक्ती.

दुसरा एक शोध खाणीबाहेरचा, पण मला तो सगळ्यात उपयोगी वाटतो. 2005 मध्ये जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये एक प्रयोग छापला. लोकांना पडद्यावर गिचमिड चित्रं दाखवून एक विशिष्ट वस्तू शोधायला लावली. ती वस्तू निम्म्या चित्रांत असे, तेव्हा सुमारे 7 टक्के वेळा नजरेतून निसटली. ती शंभरात एकाच चित्रात असे, तेव्हा सुमारे 30 टक्के वेळा निसटली. डोळे तेच होते. क्वचित सापडणाऱ्या गोष्टीसाठी मन लवकर ‘नाही’ म्हणून मोकळं होतं. आता सरदाराचा विचार करा. शेकडो वेळा छत ठोकलं आणि ते खणखणीत वाजलं, तर पुढच्या वेळी हात किती जोराने पडेल? वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस दगावतो तेव्हा आपण हळहळतो आणि ‘नशीब’ म्हणतो. मला वाटतं, त्यातला काही भाग या 30 टक्क्यांचा आहे, आणि त्यावर इलाज करता येतो.

संगणकाची गरज नेमकी इथे आहे: खाणीत क्वचित भेटणारा धोका पडद्यावर पुन्हापुन्हा दाखवता येतो. पुढच्या पानांतला पहिलाच सराव कसा आहे ते सांगतो. पडदा पूर्ण काळा असतो. बोट ठेवलं की तिथे उजेडाचा एक गोल उमटतो, कॅप लॅम्पच्या गोलाएवढा. बोट सरकेल तसा तो सरकतो. त्या गोलातून गॅलरीचा, म्हणजे खाणीतल्या बोगद्याचा, एकेक तुकडा बघायचा आणि धोका वाटेल तिथे दोनदा टिचकी मारायची. वेळ 40 सेकंद. वेळ संपली की सगळं चित्र उजळतं, आणि तुमचा दिवा कुठून कुठे फिरला त्याची पिवळी रेघ त्यावर येते. मी हा सराव करून घेतला तेव्हा एक नवा लोडर ती रेघ बघून स्वतःच म्हणाला, ‘‘साहेब, मी वर गेलोच नाही.’’ त्याची सगळी रेघ छातीच्या उंचीवर होती. समोरचा फेस, बाजूचा टब, पायाखालचे रूळ. छतावर दिवा एकदाही गेला नव्हता. हे मी त्याला वर्गात तासभर बोलून पटवू शकलो नसतो. पुढच्या चित्रात रेघ थेट वर गेली.

काही चित्रांत धोका मुळीच नाही. ती मुद्दाम ठेवली आहेत. सगळीकडे टिचकी मारणाऱ्याला गुण मिळत नाहीत, कारण खाणीत उठसूट ‘छत आलं’ म्हणून ओरडणाऱ्याचं पुढे कुणी ऐकत नाही. एकच जागा चार दिवसांच्या चार चित्रांत दाखवली आहे: पहिल्या दिवशी टेकू सरळ, चौथ्या दिवशी त्याच्या डोक्याशी चीर. काल आणि आज यांतला फरक टिपणं हे जुन्या माणसाचं खरं कसब. ते वर्गात शिकवायला फळा-खडू अपुरा पडतो. आणि संगणक प्रत्येकाची चूक वेगवेगळी नोंदवून ठेवतो. तीस जणांच्या वर्गात कुणाला पाणी दिसत नाही, कुणाला डंपरचा मागचा भाग, ते प्रशिक्षकाला कळतं आणि प्रत्येकाला हवा तोच सराव देता येतो. धनबादच्या आयआयटीत आभासी खाण उभी केली आहे, ऑस्ट्रेलियात तर खाणबचाव केंद्रांत चहूबाजूंनी पडदे लावून कामगारांना आत उभं करतात. ते बघण्यासारखं आहे. पण आपल्या व्हीटीसीत एक संगणक आणि बोटाने चालणारा पडदा एवढ्यावरही पुष्कळ काम होतं, आणि मला आग्रह त्याचाच धरायचा आहे.

जे होत नाही तेही सांगतो. पडदा आवाज देऊ शकतो, पण छताला टेकवलेल्या बोटांना जाणवणारी थरथर देऊ शकत नाही. मिथेनला वास नाही, रंग नाही. हवेत तो 5 ते 15 टक्के असला की ठिणगीने स्फोट होतो, आणि तो मोजायला यंत्रच लागतं, चित्रात तो दाखवता येत नाही. ओणवं चालून दुखणारी पाठ, घाम, यंत्राचा गोंगाट, पाळी संपायच्या आधीची घाई यांतलं काहीच वर्गात येत नाही. म्हणून या धड्यांनंतर सरदारासोबत खाली जाऊन छत ठोकणं झालंच पाहिजे. संगणकाचं निमित्त करून ते दिवस कमी करायला कुणी निघालं, तर प्रशिक्षकाने त्याला तिथेच अडवावं. यंत्र सरदाराची जागा घ्यायला आणलेलं नाही.

चित्रांबद्दल माझं मत ठाम आहे. ती आपल्याच खाणीतली हवीत. बाहेरून आणलेल्या तयार कार्यक्रमांत गोऱ्या माणसांनी वापरलेली यंत्रं असतात, आपल्याकडे नसलेला आधार असतो, छताचा रंग वेगळा असतो. आपला कामगार ती चित्रं सिनेमा बघावा तशी बघतो. अडचण अशी की कोळशाच्या भूमिगत खाणीत साधा मोबाइल नेता येत नाही. वायूच्या जागी त्याची ठिणगी चालत नाही, आणि नियम योग्य आहे. फोटोसाठी परवानगी असलेली उपकरणं आणि व्यवस्थापनाची संमती लागते. ती मिळवण्यात दिवस जातात. ते जाऊ द्यावेत. आमचे सगळ्यात चांगले फोटो एका सरदाराने दाखवलेल्या जागांचे आहेत. कॅमेरा कुणाचाही असो, बोट त्याचं होतं.

भाषेचंही तसंच. बल्लारपूरच्या एका पाळीत मराठी, हिंदी, तेलुगू, छत्तीसगढी अशा चार बोली सहज ऐकू येतात. सूरजागडकडे माडिया. पडद्यावरची पुस्तकी मराठी यांतल्या कुणाचीच नाही. ‘छत कोसळण्याची संभाव्यता’ असं वाक्य पहिल्या मसुद्यात होतं. ते काढून ‘छत सुटलं आहे’ केलं. जिथे कामगार रूफ, फेस, साइड, गोफ, हॉलेज म्हणतात तिथे तेच शब्द ठेवले आहेत. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी प्रत्येक सूचना बोलून दाखवली आहे.

आता एक गोष्ट कामगारांपेक्षा अधिकाऱ्यांसाठी. 29 डिसेंबर 2016 ला झारखंडमधल्या लालमटियाच्या उघड्या खाणीत ढिगारा घसरून 23 कामगार गाडले गेले. तिथे भेगा आधीच दिसल्या होत्या, असं लोकांनी सांगितल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. धोका दिसणं आणि काम थांबणं यांच्यामध्ये एक माणूस असतो, आणि तो कामगार नसतो. कंत्राटी पोराला भेग दिसली, त्याने सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी त्याची हजेरी लागली नाही, तर पुढच्या वेळी त्याला भेग दिसणार नाही. संगणकातल्या गुणांचा उपयोग अपघातानंतर ‘याला प्रशिक्षण दिलं होतं, तरी चुकला’ असं लिहायला होणार असेल, तर हे धडे वापरू नका, अशी माझी स्पष्ट विनंती आहे. ते गुण प्रशिक्षकाकडे राहावेत, कार्मिक विभागाकडे जाऊ नयेत. खाणीत सुरक्षा समिती असते, कामगारांचे निरीक्षक असतात. धड्यात शोधलेला धोका प्रत्यक्ष जागेवर सापडला तर तो त्यांच्या वहीत त्याच दिवशी लिहिला जावा, आणि त्याचं पुढे काय झालं ते सांगणाऱ्याला कळवलं जावं. एवढी व्यवस्था आधी करा, मग संगणक लावा.

प्रशिक्षकांना वापराबद्दल थोडंसं. एका वेळी वीस मिनिटांपेक्षा जास्त सराव घेऊ नये, डोळे थकतात. रात्रपाळीहून आलेल्या माणसाला त्याच सकाळी पडद्यासमोर बसवू नये. शक्य असेल तर एका पडद्यापुढे दोघांना बसवावं, एक नवा, एक जुना. नव्याने बोट फिरवावं आणि जुन्याने ‘काय दिसतंय?’ एवढंच विचारावं. उत्तर येईपर्यंत त्याने थांबावं. पहिले काही दिवस हे थांबणं जुन्यांना जड जातं.

या धड्यांतले फोटो चंद्रपूर जिल्ह्यातल्या खाणींतले आहेत, आणि खाण रोज पुढे सरकते. दोन वर्षांनी त्यातल्या अनेक जागा उरणार नाहीत. म्हणून प्रत्येक धड्याच्या शेवटी एक चौकट कोरी सोडली आहे. तिथे तुमच्या खाणीतला, याच महिन्यात घेतलेला फोटो लावायचा आहे.

नागभीड